पाटी जर्मनीची, यंत्र मुंबईत!

पणजीच्या रस्त्यावर ‘एमएच १२’ अशी पाटी लावलेली मोटार उभी दिसली, तर तुम्ही काय म्हणाल? ‘ही गाडी पुण्याची’ असे म्हणाल. पण ‘ही गाडी आत्ता पुण्यात आहे’ असे मात्र कोणी म्हणणार नाही. कारण ती तर डोळ्यांसमोर पणजीत उभी आहे! पाटीवरून गाडीची नोंद कोठे झाली एवढेच कळते, ती कोठे उभी आहे हे कळत नाही. इतकी साधी गोष्ट सांगायला विज्ञानाचे मासिक कशाला हवे, असेही तुम्हांला वाटेल.

परंतु हीच साधी गोष्ट इंटरनेटच्या बाबतीत भली भली माणसे विसरतात. ‘संगणकांवर हल्ला झाला आणि आयपी पत्ता अमुक देशाचा होता, म्हणजे हल्लेखोर त्याच देशात बसलेले होते’, अशा बातम्या आपण वाचतो. ‘आमचा सर्व्हर भारतातच आहे, पत्ता तपासून पाहा’, असे एखादा व्यापारी छातीठोकपणे सांगतो. या दोन्ही विधानांत पाटीलाच जागा समजण्याची चूक आहे. एका देशातील सर्व्हरला दुसऱ्या देशाचा आयपी पत्ता देता येतो, तोही कोणताही कायदा न मोडता, उघडपणे आणि थोड्याशा पैशांत. तो कसा देतात हे आधी पाहू. मग त्यात गैर काय आहे आणि काय नाही, याविषयी माझे मत सांगेन. ते तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इतर संगणकांनी मागितलेली माहिती त्यांना पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. पुष्कळशा संस्था स्वतःचा सर्व्हर घरी ठेवत नाहीत. वीज, थंड हवा आणि जोडणी यांची चोख व्यवस्था असलेल्या मोठ्या इमारतीत, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, तो भाड्याने घेतात. खोली भाड्याने घ्यावी तसेच हे आहे. या यंत्राला जगातून कोणीही हाक मारू शकेल असा एक क्रमांक लागतो, तोच आयपी पत्ता. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. म्हणजे असे एकूण पत्ते २५६ चा चौथा घात इतके, ४,२९,४९,६७,२९६ होतात. सव्वाचार अब्जांहून थोडे अधिक. जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या वर गेली आहे, हे लक्षात घ्या. ही टंचाई पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

‘पत्ता’ हा शब्द मात्र येथे आपली दिशाभूल करतो. पत्ता म्हटले की आपल्याला पिनकोड आठवतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत खरोखरच भूगोलावर बेतलेली आहे. पहिला अंक ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड यांपैकी कोठे तरी जायचे, हे निश्चित. ४०० ०७० हा पिनकोड उचलून कोणी नागपुरात नेऊ शकत नाही. आयपी पत्त्याचे तसे नाही. त्याचा भूगोलाशी जन्मतः संबंधच नाही. तो संबंध आपण मागाहून चिकटवला आहे.

हे पत्ते वाटले कसे गेले ते पाहा. सुरुवातीच्या काळात, जेव्हा जगभर पसरणारे जाळे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, तेव्हा अमेरिकेतील काही संस्थांना पत्त्यांचे प्रचंड गठ्ठे सहज मिळून गेले. १८ या आकड्याने सुरू होणारे सगळे पत्ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एकाच शिक्षणसंस्थेचे होते. किती? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६! त्यांतील बहुसंख्य वापराविना पडून होते. २०१७ साली तिने त्यांतले सुमारे निम्मे विकायला काढले. ३ या आकड्याने सुरू होणारे तितकेच पत्ते जनरल इलेक्ट्रिक या कंपनीकडे होते. पुढे ते अ‍ॅमेझॉनने घेतले, आणि आज त्यांतील काही पत्ते चक्क मुंबईच्या डेटा सेंटरमधील यंत्रांना लावलेले आहेत. अमेरिकेत विजेचे दिवे आणि इंजिने बनवणाऱ्या कंपनीची पाटी, आणि यंत्र आपल्या मुंबईत! येथे कोणी कोणाला फसवलेले नाही. जुनी गाडी विकली, नव्या मालकाने ती आपल्या गावी नेली, एवढेच झाले.

नंतर वाटपाचे काम पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे आले. युरोप व मध्यपूर्वेसाठी राइप, आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी अरिन, दक्षिण अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. त्यांच्या नोंदवह्यांत प्रत्येक गठ्ठ्यापुढे देशाची दोन अक्षरी खूण लिहिलेली असते. ही खूण साधारणतः गठ्ठा घेणाऱ्या संस्थेचा देश दाखवते. यंत्र कोठे ठेवले आहे हे त्या रकान्यात कोणी विचारलेले नाही.

जगाच्या मुख्य साठ्यातील शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी या संस्थांना वाटून झाले आणि कोठार रिकामे झाले. तेव्हापासून पत्त्यांना बाजारभाव आला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बुडालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. गणित करून पाहा, एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. ज्याला हवे त्याने ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून घ्यावे किंवा भाड्याने आणावे, असा हा व्यवहार. साहजिकच जर्मनीत नोंदलेले पत्ते भारतात, ब्राझिलचे पत्ते पोलंडमध्ये असा प्रवास सुरू झाला.

आता मुख्य प्रश्न. मुंबईतील यंत्राला जर्मनीत नोंदलेला पत्ता लावायचा तर प्रत्यक्षात काय करावे लागते?

पूर्वी गावात दवंडी पिटत असत, ती गोष्ट तुम्ही आजोबांकडून ऐकली असेल. इंटरनेटचा सारा कारभार अशा दवंडीवर चालतो. जगातील निरनिराळी जाळी आपल्या शेजारच्या जाळ्यांना सतत ओरडून सांगत असतात, ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांची पाकिटे माझ्याकडे धाडा.’ शेजारी ते ऐकून आपल्या शेजाऱ्यांना सांगतात, आणि पाहता पाहता ती बातमी जगभर पसरते. या दवंडीचे नियम १९८९ साली प्रथम लिहिले गेले. त्यांना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल म्हणतात. तेव्हा जर्मन मालकाकडून पत्त्यांचा गट भाड्याने घ्यायचा, त्याचे संमतिपत्र आणायचे, आणि मुंबईच्या डेटा सेंटरने त्या गटाची दवंडी पिटायची. बस्स! काही मिनिटांत जगातील पाकिटे जर्मनीकडे न जाता मुंबईकडे वळतात. पाकीट पुढे धाडणाऱ्या यंत्राला, म्हणजे राउटरला, ‘जर्मनी’ हा शब्दच ठाऊक नसतो. कोणत्या बाजूने दवंडी ऐकू आली, एवढेच त्याला कळते.

फक्त एक अडचण आहे. एकट्यादुकट्या पत्त्याची दवंडी जग ऐकत नाही. निदान २५६ पत्त्यांचा गट लागतो, नाही तर राउटरांच्या याद्या फुगून त्यांची स्मरणशक्ती अपुरी पडेल. ज्याला एकच पत्ता हवा त्याच्यासाठी दुसरी युक्ती आहे. जर्मनीतच एक लहानसे यंत्र भाड्याने घ्यायचे आणि त्याच्याकडे आलेले प्रत्येक पाकीट एका मोठ्या लखोट्यात घालून मुंबईला पाठवायला सांगायचे. उत्तरही त्याच वाटेने परत जाते. याला बोगदा म्हणतात. काम चालते, पण प्रत्येक पाकिटाला जर्मनीचा हेलपाटा पडतो. शेजारच्या घरी निरोप द्यायचा आणि तो दिल्लीमार्गे द्यायचा, असा हा प्रकार!

दवंडी खोटीही पिटता येते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने, आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्याच्या प्रयत्नात, यूट्यूबच्या पत्त्यांची दवंडी पिटली. ती देशाबाहेर निसटली आणि सुमारे दोन तास जगातील पुष्कळ भागांत यूट्यूब दिसेनासे झाले. असे होऊ नये म्हणून हल्ली दवंडीवर सहीशिक्क्याची सोय झाली आहे. मात्र हा शिक्का काय सांगतो पाहा. कोणत्या जाळ्याला ही दवंडी पिटण्याचा अधिकार आहे, एवढेच तो सांगतो. कोणत्या देशातून पिटावी, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

मग एखादे संकेतस्थळ तुम्हांला ‘आपण भारतात आहात’ असे कशावरून सांगते? काही कंपन्यांनी पत्ता आणि गाव यांची जोडणी करणाऱ्या मोठमोठ्या याद्या तयार केल्या आहेत, त्यांवरून. आणि या याद्या कशावरून बनतात? थोडे नोंदवहीवरून, थोडे मोजमापांवरून, आणि बरेचसे मालकांच्या स्वतःच्या सांगण्यावरून! २०२० साली तर त्यासाठी एक रीतसर नमुनाच ठरला. पत्त्यांच्या मालकाने एक यादी प्रसिद्ध करायची आणि प्रत्येक ओळीत पत्त्यांचा गट, देश, प्रांत, गाव असे लिहायचे. हजेरीच्या वेळी प्रत्येकाने स्वतःच उठून आपले गुण सांगावेत आणि गुरुजींनी ते लिहून घ्यावेत, तशी ही पद्धत आहे. बहुतेक जण खरे सांगतात. पण जो सांगत नाही त्याला अडवणारे त्या नमुन्यात काही नाही.

आता यात लबाडी आहे का? माझ्या मते, दुसऱ्या देशाचा पत्ता लावणे ही स्वतः लबाडी नव्हे. एखादी संस्था आपले यंत्र एका देशातून दुसऱ्या देशात हलवते आणि वर्षानुवर्षे ग्राहकांना माहीत असलेला पत्ता सोबत नेते, त्यात काय चुकले? नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीला आपल्या प्रदेशात पत्ते मिळत नाहीत म्हणून तिने परक्या देशातून भाड्याने आणले, त्यातही काही चुकले नाही. पाटी बदलणे हा गुन्हा नाही. यंत्र जेथे नाही तेथे ते आहे असे सांगून त्यावर पैसे घेणे किंवा विश्वास मिळवणे, ही लबाडी. दोन्हींमधला फरक पुसट नाही, चांगला ठळक आहे. पण पाटीकडे पाहून तो दिसत नाही, ही खरी अडचण.

आपल्या देशातलेच एक उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या संगणक सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एक निर्देश काढला. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या आणि व्हीपीएन, म्हणजे ग्राहकांची रहदारी गुप्त बोगद्यातून नेणारी सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत, असा तो आदेश होता. काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांना हे मान्य नव्हते. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क अशा कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे काढून घेतली. पण ‘भारतीय’ आयपी पत्ता देण्याची सेवा काही त्यांनी बंद केली नाही! पत्ता भारताचा आणि यंत्र सिंगापूर किंवा लंडन येथे, अशी व्यवस्था त्यांनी केली आणि तसे जाहीरही केले.

या भांडणात सरकारचे बरोबर की कंपन्यांचे, यावर तुमच्या वर्गात वादविवाद होऊ शकेल. गुन्ह्याचा तपास करणाऱ्याला माग हवा असतो हे खरे, आणि आपण काय वाचतो याची नोंद कोणी पाच वर्षे ठेवू नये असे वाटणेही काही वावगे नाही. मला वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. कायदा यंत्राच्या आणि कंपनीच्या ठिकाणाला लागू झाला, आणि पाटी मागे उरली. त्या वर्षानंतर ‘हा भारतीय पत्ता आहे, म्हणजे भारतीय कायद्याच्या टप्प्यातील यंत्र आहे’ असे जो कोणी धरून चालेल, तो फसेल. कंपन्यांनी निदान ‘सिंगापूरमार्गे’ असे लिहिले, याबद्दल त्यांना मी पूर्ण गुण देतो. असे न लिहिणारेही पुष्कळ आहेत, हे पुढे पाहूच.

पाटीला जागा समजल्यामुळे माणसांना काय सोसावे लागते, याची अमेरिकेतील हकिकत ऐकण्यासारखी आहे. पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड नावाच्या एका कंपनीपुढे प्रश्न होता, की पत्ता अमेरिकेचा आहे एवढेच ठाऊक असेल आणि गाव ठाऊक नसेल, तर नकाशावर खूण कोठे करायची? तिने देशाच्या मध्याजवळचा एक सुटसुटीत बिंदू निवडला, ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातील पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडला. पाहता पाहता साठ कोटींहून अधिक पत्ते त्या एका शेतघराच्या नावावर जमा झाले! परिणाम काय? कोठेही चोरी झाली, कोणी धमकी दिली, कोणाचा संगणक हरवला, की पोलीस, करखात्याचे अधिकारी आणि संतापलेले लोक त्या शेतात येऊन उभे राहत. तेथील माणसांनी वर्षानुवर्षे हे सोसले आणि आपण काय केले हेच त्यांना कळेना. २०१६ साली एका पत्रकार स्त्रीने कोडे उलगडले, तेव्हा कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेकडील एका तलावाच्या मध्यभागी नेऊन ठेवला. तेव्हापासून बिचाऱ्या माशांना कोणी त्रास दिल्याचे ऐकिवात नाही.

हसू येते खरे, पण पत्ता आंधळेपणाने मानला की हसू कसे विरते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २००७ साली समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आधार होता आयपी पत्त्याचा, आणि पत्त्याविषयी सेवा कंपनीने पुरवलेला तपशील चुकीचा होता. तो निरपराध तरुण पन्नास दिवस तुरुंगात राहिला. येथे प्रश्न देशाचा नव्हता, माणसाचा होता. परंतु मुळातली चूक तीच. आकडा म्हणजे पुराव्याची सुरुवात असते, तिला पुराव्याचा शेवट समजले गेले.

मग यंत्र कोठे आहे, हे कधीच कळणार नाही का? येथे आपल्या मदतीला प्रकाश धावून येतो. अक्षरशः धावून येतो!

इंटरनेटची पाकिटे लांब पल्ल्याचा प्रवास काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने करतात. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. काचेचा अपवर्तनांक जवळजवळ दीड असल्याने तंतूत तो सुमारे २ लक्ष किलोमीटरवर येतो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, २०० किलोमीटर. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर आकाशमार्गे साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन येऊन तेरा हजार. म्हणून फ्रँकफर्टच्या यंत्राचे उत्तर मुंबईत ६५ मिलिसेकंदांच्या आत येऊच शकत नाही. तार समुद्राखालून वळसे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागतो. आता ‘जर्मनीच्या’ पत्त्याने जर मुंबईतील तुमच्या संगणकाला ५ मिलिसेकंदांत उत्तर दिले, तर? पाच मिलिसेकंदांत जाऊन येऊन हजार किलोमीटर, म्हणजे यंत्र फार तर पाचशे किलोमीटरवर. ते जर्मनीत नाही! नोंदवही काहीही म्हणो, मालक शपथ घेऊन काहीही सांगो, प्रकाशाचा वेग कोणाला लाच घेऊन वाढवता येत नाही.

या पुराव्याला एकच बाजू आहे, ती नीट समजून घ्या. जवळचे यंत्र मुद्दाम रेंगाळून आपण दूर आहोत असे भासवू शकते. पण दूरच्या यंत्राला आपण जवळ आहोत असे भासवता येत नाही. म्हणून उशिरा आलेल्या उत्तरावरून काहीच सिद्ध होत नाही, लवकर आलेल्या उत्तरावरून मात्र पुष्कळ काही सिद्ध होते. सिंगापूरमधून विचारल्यावर एखाद्या ‘भारतीय’ पत्त्याचे उत्तर २ मिलिसेकंदांत आले, तर ते यंत्र सिंगापूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि भारतात नाही, हे भूमितीच्या सिद्धतेइतके पक्के.

२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले. सात कंपन्यांचे २,२६९ सर्व्हर त्यांनी तपासले. हे सर्व्हर २२२ देशांत आणि प्रदेशांत पसरले आहेत, असा कंपन्यांचा दावा होता. ठिकाण निश्चित ठाऊक असलेल्या अनेक यंत्रांवरून उत्तराचा वेळ मोजून पाहता, एक तृतीयांश सर्व्हर सांगितलेल्या देशात निश्चितपणे नव्हते, आणि आणखी एक तृतीयांशांबद्दल शंका होती. यादीत देशांची नावे लांबलचक, यंत्रे मात्र जेथे भाडे स्वस्त आणि सोय चांगली अशा मोजक्या देशांत!

म्हणून माझी मागणी अशी आहे. भाड्याने सर्व्हर देणाऱ्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात, पत्त्याची नोंद कोणत्या देशात आहे आणि यंत्र कोणत्या शहरात आहे. औषधाच्या बाटलीवर ती कोणी बनवली आणि कोठे बनवली हे दोन्ही छापावे लागते, तसेच हे. पुष्कळ दुकानदार हे आजही लिहितात. बाकीच्यांना लिहायला लावणे अवघड नाही. आणि ज्यांना यंत्राचे ठिकाण खरोखर महत्त्वाचे वाटते, म्हणजे बँका, इस्पितळे, सरकारी खाती, त्यांनी पाटी पाहून समाधान मानू नये. करारात इमारतीचे नाव लिहून घ्यावे आणि वेळ मोजून पाहावी. उलट, एखाद्याचा पत्ता परदेशी दिसतो एवढ्यावरून त्याचे खाते गोठवणे किंवा त्याला परीक्षेतून बाद करणे, ही मला घाई वाटते. शंका घ्यावी, विचारपूस करावी, शिक्षा करू नये.

काही लोक म्हणतात, मग पत्ते पिनकोडसारखे देशांना बांधूनच का टाकू नयेत? कल्पना नीटनेटकी दिसते. पण इंटरनेटची जाळी देशांच्या सीमा पाहून विणलेली नाहीत. शिवाय ज्या दिवशी प्रत्येक देशाचे पत्ते एका ठरावीक आकड्याने सुरू होतील, त्या दिवशी एखाद्या संपूर्ण देशाला जाळ्यातून तोडणे एका ओळीचे काम होईल. मला ही किंमत फार मोठी वाटते.

मात्र पत्ता कोठेही न्यावा हे माझे म्हणणे एका ठिकाणी अडखळते, ते आफ्रिकेत. आफ्रिनिक ही तेथील नोंदणी संस्था २००५ साली उभी राहिली. जगाच्या शिलकीतून आफ्रिकेच्या वाट्याला आलेले पत्ते तिने सांभाळायचे होते. सेशेल्समध्ये नोंदलेल्या एका कंपनीने २०१३ ते २०१६ या काळात तिच्याकडून सुमारे ६२ लाख पत्ते मिळवले, आणि ते मुख्यतः आफ्रिकेबाहेर भाड्याने दिले. २०२१ साली आफ्रिनिकने ते परत मागितले. आपण कोणताही नियम मोडलेला नाही, पत्ते कोठे वापरायचे यावर असे बंधन नाही, असे कंपनीचे म्हणणे. प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेले. काही काळ आफ्रिनिकची बँकेतील खाती गोठली, संचालक मंडळच उरले नाही, २०२३ साली न्यायालयाला कारभारी नेमावा लागला, आणि नवे मंडळ निवडून यायला सप्टेंबर २०२५ उजाडले. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर आफ्रिकेची पाटी दुसऱ्या खंडातील यंत्राला लावण्यात आणि जर्मनीची पाटी मुंबईच्या यंत्राला लावण्यात काडीचाही फरक नाही. पण दुष्काळात गावच्या विहिरीवरून टँकर भरून बाहेर विकणे आणि स्वतःच्या विहिरीचे पाणी विकणे या एकच गोष्टी आहेत का? मला तरी तसे वाटत नाही. जर्मन मालकाने आपल्या पत्त्यांचे काय करावे हे त्याने ठरवावे. सामाईक कोठारातून प्रदेशाच्या नावाने घेतलेल्या पत्त्यांना मात्र त्या प्रदेशाचे देणे लागते. पत्त्यांचा नवा, सहावा प्रकार आला आहे, त्यात ३४ वर ३७ शून्ये इतके पत्ते आहेत आणि तो वापरण्यात भारत आघाडीवर आहे. तो सर्वत्र रुळला म्हणजे ही टंचाई संपेल. पाटी आणि जागा यांतील घोटाळा तेव्हाही शिल्लक राहील, कारण तोही पत्ता भूगोल जाणत नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. शाळेच्या संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा गुरुजींच्या परवानगीने चालवा. ती एक छोटे पाकीट पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. एकाच पत्त्याला वीस-पंचवीस वेळा विचारा आणि सर्वांत लहान आकडा घ्या. वाटेतील गर्दीमुळे वेळ वाढतो, कमी होत नाही, म्हणून सरासरी नको, लहानात लहान आकडा हवा. त्याला शंभराने गुणा. यंत्र तुमच्यापासून फार तर तितक्या किलोमीटरवर आहे. सुरुवात ८.८.८.८ या पत्त्यापासून करा. तो अमेरिकेतील गुगल कंपनीच्या नावावर आहे. अमेरिकेचा पूर्व किनारा मुंबईपासून बारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा तेथून उत्तर यायला निदान १२० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागला पाहिजे. तुम्हांला बहुधा त्याहून फार लहान आकडा दिसेल. कारण या एकाच पत्त्याची दवंडी जगातील अनेक शहरांतून एकाच वेळी पिटली जाते, आणि ज्याला जे यंत्र जवळ पडेल ते त्याला उत्तर देते. परगावी राहणाऱ्या मावसभावाला, आणि कोणी नातेवाईक परदेशात असतील तर त्यांनाही, हाच पत्ता विचारायला सांगा. आलेले आकडे वहीत लिहा, नकाशावर कंपासने वर्तुळे काढा, आणि एकच पत्ता एकाच वेळी किती ठिकाणी ‘उभा’ आहे ते मोजा.